इंजिन उभं, दिवा चालू

रात्रीच्या वेळी मिरज जंक्शनवर गाडी येऊन थांबली की इंजिन थांबतं, त्याचा दिवा थांबत नाही. फलाटावरचे लोक डबे शोधत पळत असतात आणि पुढे तो पिवळसर झोत रुळांवर तसाच पडलेला असतो. मॉडेल रेल्वेच्या जुन्या पद्धतीत नेमकं हेच जमत नव्हतं. रुळांना ० ते १२ व्होल्ट द्यायचे, वेगही त्यातूनच आणि उजेडही त्यातूनच. गाडी हळू झाली की दिवा मिणमिणायचा, स्टेशनात थांबली की विझायचा. जिथे दिवा दिसायला हवा, नेमका तिथे अंधार.

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीने ही गाठ सोडवली. रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराच्या, गाड्यांना साधारण १४ ते १५ व्होल्ट. हा दाब सरळ वाहत नाही, उलटसुलट होत राहतो आणि त्या उलटण्याच्या लांबीतच निरोप लपलेला असतो. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘शून्य’. इंजिनातला बोटाच्या पेराएवढा डीकोडर हे वाचतो, आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम असेल तर पाळतो, नाहीतर गप्प बसतो.

पण सतत पूर्ण दाब मिळाला की पहिली चूक तिथूनच सुरू होते. दिवा लागतो, आणि असा लागतो की वीस सेंटिमीटरच्या इंजिनाच्या तोंडावर कुणीतरी वेल्डिंग करतंय असं वाटावं. इथून पुढचं बहुतेक सगळं काम उजेड कमी करण्याचं आहे.

आधी तारा. डीकोडरमधून निघणाऱ्या तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून वीज घेतात, लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरला जातात. दिव्यांसाठी पांढरी पुढच्या, पिवळी मागच्या दिव्याची. हिरवी आणि जांभळी जादा कामांसाठी. आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक.

निळीपाशी भलेभले अडखळतात. घरातल्या वायरिंगची सवय अशी, की बटण दाबलं की वीज दिव्याकडे जाते. म्हणून पांढरी तार ‘वीज देणारी’ आणि निळी ‘परतीची’ असं गृहीत धरलं जातं. आहे उलटं. निळी धन आहे, पाटाला कायम पाणी असावं तशी. डीकोडर दारं मोडतो ते सरीच्या शेवटच्या टोकाला; पांढरी तार तिथून बाहेर सोडते. म्हणून एलईडीचा लांब पाय निळीकडे, आखूड पाय पांढरीकडे. उलटा जोडला तर एलईडी लागत नाही, एवढंच. खरा धोका वेगळा आहे. अनेक जुन्या इंजिनांची धातूची चासी एका रुळाला जोडलेली असते. तिला निळी तार उघडी लागली तर डीकोडर गेला म्हणून समजा. धूर येईलच असं नाही, पण डीकोडर परत येणार नाही.

म्हणून मल्टिमीटर बीपवर लावून सुरुवात करावी. मोटरची दोन्ही टोकं चासीपासून आणि दोन्ही बाजूंच्या चाकांपासून सुटी आहेत ना, हे पाहायचं. बीप वाजला तर डाखणीला हातच लावू नका. मोटरचा एक ब्रश थेट चासीवर टेकलेला असणं ही जुन्या मॉडेलांतली नेहमीची गोष्ट. तो आधी सोडवायचा, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा, मग पुढचं. मोटर हाताने धरून थांबवली तर किती करंट खाते तेही मोजून ठेवावं. साध्या एचओ डीकोडरची झेप साधारण १ अँपिअरपर्यंत असते.

इंजिनात आधीच आठ पिनांचं सॉकेट असेल तर अर्ध काम झालेलं असतं. या सॉकेटची रचना करणाऱ्याला मात्र मनापासून नमस्कार करावासा वाटतो. प्लग उलटा बसवला तरी काही जळत नाही. मोटरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी जातात, रुळांच्या दोन एकमेकींच्या जागी, आणि निळीची अदलाबदल हिरवीशी होते. इंजिन धावतं, दिवे लागत नाहीत. तेव्हा ‘गाडी चालते पण दिवे मेले’ अशी तक्रार असेल तर एलईडीला दोष देण्याआधी प्लग फिरवून पाहावा. सहा पिनांच्या सॉकेटात निळी नसतेच. तिथे दिव्याचं दुसरं टोक रुळाला जोडलेलं असतं, त्यामुळे लहरीचा एकच अर्धा भाग दिव्याला मिळतो. उजेड कमी आणि थरथरता. जागा असेल तर डीकोडरवरून निळी वेगळी काढून घ्यावी.

आता रेझिस्टन्स. दुकानात हाच शब्द चालतो, ‘रोधक’ म्हटलं तर गल्ल्यावरचा माणूस वर बघतो. रुळांवर १४ व्होल्ट असतील तर डीकोडरच्या आतल्या ब्रिजमध्ये, म्हणजे उलटसुलट वीज सरळ करणाऱ्या डायोडांत, साधारण १.४ जातात, निळीवर उरतात १२.६. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. उरले ९.६. दहा मिलिअँपिअर हवेत तर ९.६ भागिले ०.०१, म्हणजे ९६० ओहम. बाजारातला जवळचा १ के, म्हणजे हजार ओहम. पुस्तकी उत्तर इथे संपतं. पण आजचे पांढरे एलईडी दहा मिलिअँपिअरला डोळे दिपवतात. ४.७ के लावला तर दोन मिलिअँपिअर, आणि इंजिनाला तेवढे पुष्कळ. १० के लावून एकवर आणलं तरी अंधाऱ्या खोलीत दिवा स्वच्छ दिसतो. १ के, २.२ के, ४.७ के आणि १० के हे चार रेझिस्टन्स दहा-दहा आणून ठेवावेत. ४७० ओहम नको. त्याने वीस मिलिअँपिअर होतात, रेझिस्टन्सला जवळजवळ पाव वॅट उष्णता पेलावी लागते, आणि तो प्लॅस्टिकच्या कवचाला टेकलेला असेल तर कवचाला आतून फोड येतो. सांगलीच्या मे महिन्यात खोलीच चाळीशीला टेकलेली असते, त्यात ही भर.

खऱ्या इंजिनाच्या हेडलाइटमध्ये दोन दिवे शेजारी असतात. मॉडेलात त्यांचे दोन एलईडी एकापुढे एक जोडावेत, म्हणजे एकच करंट दोघांतून जातो आणि उजेड सारखा पडतो. मग हिशेब बदलतो: १२.६ वजा ६, उरले ६.६, पाच मिलिअँपिअरला साधारण १.३ के, दोनला ३.३ के. दोन एलईडी समांतर जोडून त्यांना मिळून एकच रेझिस्टन्स देणं ही आळशी पद्धत आहे. ज्याला किंचित कमी व्होल्ट लागतात तो सगळं खाऊन टाकतो, दुसरा उपाशी. गणपतीच्या मखराच्या माळा जोडणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. लाल आणि अंबर एलईडी २ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यांचा हिशेब वेगळा. दोन लाल एकापुढे एक असतील तर तीन मिलिअँपिअरला २.७ के.

जुन्या मॉडेलात गव्हाच्या दाण्याएवढे १२ व्होल्टचे बल्ब असतात. त्यांचा उजेड गोड असतो हे मान्य, पण ते पन्नास-साठ मिलिअँपिअर खातात, तापतात, आणि थंड असताना त्यांचा रोध कितीतरी कमी असतो, त्यामुळे लागण्याच्या क्षणी डीकोडरच्या आउटपुटला धक्का बसतो. बल्ब ठेवायचाच असेल तर २२ ते ३३ ओहम मालिकेत द्यावा. माझ्या मते वॉर्म-व्हाइट एलईडी लावून मोकळं व्हावं. डिझेल इंजिनाला निळसर पांढरा एलईडी लावणं मात्र अक्षम्य. घरात तोच पडून असेल तर त्याच्या तोंडावर नारिंगी ग्लास पेंटचा एक पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा बघावं.

तारा किती बारीक? इंजिनाच्या हूडमध्ये, म्हणजे लांबट कवचात, बोट जात नाही, तिथे प्लॅस्टिक चढवलेली जाड वायर कामाची नाही. डीकोडर बाहेरून मागवावा लागतो, पण बाकी बहुतेक सामान सांगली-मिरजेत पायी फिरून मिळतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जी ‘जंपर वायर’ असते, लाखेच्या लेपाची, ०.१ मिलिमीटरच्या आसपासची, ती एलईडीसाठी उत्तम. पंख्याची वाइंडिंग करणाऱ्याकडची ३६ गेजची, म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटरची तारही चालते. फरक लेपात आहे. काही लेप डाखाच्या उष्णतेनेच जळून जातात आणि कथिल चटकन धरतं. काही जळत नाहीत, ते ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने खरवडावे लागतात. न खरवडता डाख दिला तर वरून मणी चकचकीत दिसतो, आत वीज शून्य. मोटारच्या जाड तारांवर हात बसलेला माणूसही इथे फसतो.

डाखताना राळवालं बारीक कथिल घ्यावं, ०.५ ते ०.७ मिलिमीटरचं. आधी तारेच्या टोकाला कथिल, मग एलईडीच्या पायाला कथिल, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन सेकंद. तीनच्या पुढे गेलात तर ०४०२ मापाचा एलईडी, जो मोहरीपेक्षाही लहान असतो, आतून सुटतो. सांध्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवून गरम करावी. काळी चिकटपट्टी वापरू नये. उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होऊन घसरतो आणि गिअरपर्यंत पोचतो. दिवा कवचात बसवण्याआधी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर १ के लावून लागतो का पाहावं. डीकोडर जोडून मग शोधत बसण्यापेक्षा हे पाच सेकंदांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट तारा जोडताना आठवत नाही, रात्री आठवते. प्लॅस्टिकचं कवच आतून रंगवलेलं नसेल तर दिवा लागल्यावर सगळं तोंड आकाशकंदिलासारखं उजळतं. आतून काळा रंग, हवा तर त्यावर चंदेरी. अॅल्युमिनियमचा कागद नको, तो वीज वाहतो.

प्रोग्रामिंग म्हणजे डीकोडरच्या आतल्या क्रमांकित कप्प्यांत आकडे भरणं. या कप्प्यांना सीव्ही म्हणतात. प्रोग्रामिंगचा रूळ वेगळा ठेवावा आणि त्यावर एकच इंजिन. शेजारी दुसरं उभं राहिलं तर तेही निमूटपणे तोच आकडा घेतं. आकडा पोचला हे डीकोडर कसं सांगतो? मोटरला क्षणभर वीज देऊन: किमान ६० मिलिअँपिअर, साधारण ६ मिलिसेकंद. इंजिन किंचित दचकतं, ती पोच. म्हणूनच मोटर न जोडता फक्त दिवे लावून डीकोडर तपासायला बसलात तर तो ‘वाचत’ नाही, आणि लोक तो मेला म्हणून बाजूला टाकतात. मोटरच्या दोन तारांत तात्पुरता १५० ओहमचा मोठ्या वॅटचा रेझिस्टन्स लावा, बोलू लागतो. लिहिणं मात्र पोच नसतानाही बहुधा होतं, फक्त कळत नाही.

सीव्ही १ मध्ये पत्ता, नवा असताना ३. आधी पत्ता ३ वरच इंजिन चालवून, दिवे लावून पाहावं. सीव्ही ८ वाचला की कंपनी कळते: १५१ आला तर ईएसयू, १४५ झिमो, ९९ लेन्झ, १२९ डिजिट्रॅक्स. त्याच सीव्हीत ८ लिहिला की पुष्कळ डीकोडर कोरी पाटी घेऊन परत येतात. लेन्झला मात्र ३३ लागतो. जेएमआरआयचं डीकोडरप्रो हे फुकटचं सॉफ्टवेअर संगणकावर घेतलं तर सगळे कप्पे पडद्यावर दिसतात आणि जतनही करता येतात. कमांड स्टेशन, म्हणजे रुळांवर हुकूम पाठवणारं यंत्र, विकत घेणं जड जात असेल तर आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड, त्यावर मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागतं.

आपल्या इंजिनांना पाच आकडी क्रमांक असतात, डीसीसीत चारच चालतात. शेवटचे चार घ्यावेत. समजा ६००१. सिस्टीम स्वतः करते, पण हाताने करायचं तर: ६००१ भागिले २५६, भाग २३, बाकी ११३. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक २३ म्हणजे २१५, सीव्ही १८ मध्ये ११३. आणि सीव्ही २९ मध्ये ३२ मिळवल्याशिवाय हा लांब पत्ता जागाच होत नाही.

दिव्यांचं सगळ्यात चकवणारं दुखणं याच सीव्ही २९ मध्ये आहे. गाडीचा वेग वाढवत जावं आणि हेडलाइट प्रत्येक टप्प्याला लागावा, विझावा, लागावा, विझावा. तार सैल आहे असं वाटतं. तार ठीक असते. जुन्या १४ टप्प्यांच्या पद्धतीत वेगाच्या हुकुमातला एक बिट दिव्यासाठी राखलेला होता. २८ टप्पे आले तेव्हा तोच बिट वेगाच्या अर्ध्या पायरीला दिला. नियंत्रक २८ ने बोलतोय आणि डीकोडर १४ ने ऐकतोय, म्हणून वेगाची प्रत्येक अर्धी पायरी त्याला ‘दिवा लाव’ अशी ऐकू येते. सीव्ही २९ मध्ये २ मिळवला की दुखणं संपलं. छोट्या पत्त्याला २, लांबला ३४. त्यात ४ मिळवून ६ किंवा ३८ केलं तर इंजिन जुन्या डीसी, म्हणजे ० ते १२ व्होल्टच्या, रुळांवरही चालतं. पण डीसी वापरायचंच नसेल तर ते चार काढून ठेवावेत, इंजिन स्वतःहून सुटून पळण्याची एक वाट बंद होते.

आता कोणती कळ कोणता दिवा लावते. पुष्कळ डीकोडरांत सीव्ही ३३ म्हणजे पुढे जाताना एफ-० (नियंत्रकावरची हेडलाइटची कळ), सीव्ही ३४ मागे जाताना एफ-०, सीव्ही ३५ एफ-१, सीव्ही ३६ एफ-२. किंमती बेरजेच्या: पांढरी १, पिवळी २, हिरवी ४, जांभळी ८. इथे मॉडेलवाला आणि रेल्वेवाला यांची दृष्टी वेगळी पडते. आयते डीकोडर गृहीत धरतात की पुढे पांढरा लागला की मागे लाल लागावा. सीव्ही ३३ मध्ये ५ आणि ३४ मध्ये १० भरलं की ते होतंही, हिरवी मागच्या लाल दिव्यांना आणि जांभळी पुढच्या लाल दिव्यांना जोडली असेल तर. पण इंजिनामागे डबे असताना इंजिनाच्या ढुंगणावर लाल दिवा कशाला? लाल दिवा गाडीच्या शेवटाचा असतो, शेवटचा डबा तो दाखवतो. इंजिनाने तो दाखवायचा एकटं धावताना. कोल्हापूरला रूळ संपतात, इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं. तेवढ्या चालीत त्याच्या पाठीला लाल हवा. म्हणून ३३ मध्ये १, ३४ मध्ये २ एवढंच ठेवावं, ३५ मध्ये ४, ३६ मध्ये ८, आणि लाल दिवे हाताने लावावेत. जास्त कळा दाबाव्या लागतात, पण खऱ्या चालकालाही लागतातच.

अंबर फ्लॅशर लावायचा मोह सगळ्यांना होतो. तो अपघाताची खूण आहे. गाडी अचानक अडकली, शेजारचा रूळ कदाचित अडला असेल, समोरून येणाऱ्याने थांबावं, यासाठी तो लुकलुकतो. मॉडेलात तो सतत लुकलुकत ठेवणं म्हणजे घरात कायम आगीची घंटा वाजवणं. लावा, पण वेगळ्या कळीवर, आणि क्वचित दाबा. चार तारा आधीच संपल्या असतील तर २१ पिनांच्या डीकोडरवर आणखी आउटपुट असतात. त्यातले काही नुसती ५ व्होल्टची खूण देतात, दिवा चालवत नाहीत. मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. हे न बघता थेट एलईडी जोडले की आउटपुट जातो.

मंद करण्याची सोय डीकोडरमध्येही असते. झिमोत सीव्ही ६० मध्ये ० ते २५५, ईएसयूत प्रत्येक आउटपुटला ० ते ३१. ही सोय पाहून कुणी रेझिस्टन्सच गाळला तर फसलं. डीकोडर करंट कमी करत नाही, दिवा फार वेगाने लावतो आणि विझवतो. डोळ्याला मंद वाटतो, पण लागलेल्या प्रत्येक क्षणी एलईडीतून पूर्ण करंट धावत असतो. रेझिस्टन्स नसेल तर तो टिकत नाही. शिवाय कुणी सीव्ही ८ मध्ये ८ लिहून पाटी कोरी केली की मंदपणा पुसला जातो. म्हणून आधी रेझिस्टन्सने पुरेसा उतरवायचा, सीव्हीने शेवटचा केसभर. मिरजेतला वाद्यकारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती कानाने. ही लावायची डोळ्याने, आणि ज्या उजेडात मांडणी बघितली जाते त्याच उजेडात. टेबलावरच्या कामाच्या दिव्याखाली ठरवलेला उजेड रात्री नेहमी जास्त निघतो. अतिशुद्धतेचा अट्टहास मात्र नको: आपला १६७६ मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ८७ ने भागला तर १९.३ येतो, आणि इंजिन धावतंय १६.५ च्या रुळांवर. तिथे आपण आधीच तडजोड केली आहे.

दिवा लुकलुकतो त्याचं कारण बहुतेक वेळा चाकांवरची काजळी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं आणि रूळ पुसावेत, पावसाळ्यात जरा लवकर लवकर. तरीही राहिला तर निळी आणि डीकोडरचा ऋण यांच्यात कपॅसिटर द्यावा, २५ व्होल्टचा. १६ चा नको, रुळांवरचा दाब थोडा चढला की तो फुगतो. भरताना धक्का बसू नये म्हणून १०० ओहम मालिकेत, आणि सोडताना अडू नये म्हणून त्याला समांतर डायोड. १००० मायक्रोफॅरड असेल तर दहा मिलिअँपिअरचा दिवा अर्धा सेकंद सहज निघतो. मोटर दोनशे खात असेल तर तेवढ्यात सेकंदाचा तिसावा भाग. तेव्हा कपॅसिटर दिव्यांसाठी आहे हे लक्षात ठेवून अपेक्षा ठेवाव्यात. प्रोग्रामिंगच्या वेळी तो पोच झाकून टाकतो, म्हणून काढता येईल असा जोडावा.

दिवा एफ-० बंद असतानाही अर्धवट जळत राहिला तर पांढरी तार कुठेतरी चासीला टेकली आहे. पूर्ण जळत राहिला तर आउटपुट गेला. दुसऱ्या तारेवर हलवून सीव्ही बदलावा, डीकोडर टाकू नये.

शेवटी कवच. टेबलावर सगळं चालतं आणि कवच बसवलं की बंद पडतं, कारण ०.१ मिलिमीटरची तार चासीच्या कडेखाली चेपते. तारा छताला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर पट्टीने) चिकटवाव्यात, मोटरच्या वरून जाऊ देऊ नयेत. कवच ठेवून एकच स्क्रू अर्धा फिरवावा. बोटाने चारी कोपरे दाबत पुढे एक फूट, मागे एक फूट, दोन्ही दिशांना एफ-०. खोलीतला दिवा बंद करून एकदा कडेकडेने बघावं, फटीतून कुठे रेघ दिसते का. नाही दिसली, तर दुसरा स्क्रू.